देणारा घाट उतरून जातो

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. सोमवारी सकाळी एका मुख्याध्यापकांचा फोन आला. "वकीलसाहेब, जरा शाळेत येऊन जाता का? फोनवर सांगण्यासारखं नाही." वडगाव मावळच्या कोर्टात माझी पस्तीस वर्षं गेली. आता काळा कोट कपाटात आहे, पण पंचक्रोशीतली माणसं अजून विचारायला येतात. छत्री घेतली आणि गेलो. शाळा लोणावळ्याच्या आसपासची. नाव सांगत नाही. मुलाचंही सांगणार नाही. ते सांगायला कायद्याचीच मनाई आहे.

मुख्याध्यापकांच्या टेबलावर वर्तमानपत्राच्या घडीवर एक वस्तू ठेवली होती. बोटाएवढी, फिकट निळी, एखाद्या हायलायटरसारखी. नववीच्या एका मुलाच्या दप्तरात सापडलेली. वर्गशिक्षिकेला आधी तो पेनड्राइव्ह वाटला. बाईंनी तो संगणकाला लावता येतो का तेही पाहिलं. मग नाकाशी धरला तर हापूस आंब्याचा वास. मावळात, ऑगस्ट महिन्यात, धो धो पावसात आंबा! तेव्हा कुठे कुणाच्या तरी लक्षात आलं की ही ई-सिगारेट आहे, पोरं जिला 'व्हेप' म्हणतात ती.

मुलगा खोटं बोलला नाही. शनिवार-रविवारी तो मावशीच्या गाडीवर असतो. टायगर पॉइंटला तिची भाजलेल्या कणसांची गाडी आहे. गाड्यांच्या काचेपाशी कणसं नेऊन द्यायची, पैसे आणायचे, हे त्याचं काम. एका मोठ्या मोटारीतल्या मंडळींची त्यानं तीन-चारदा ने-आण केली. निघताना त्यातल्या एकानं बक्षिसीऐवजी ही वस्तू त्याच्या हातावर ठेवली आणि "घे, मजा कर" म्हणाला. काच वर गेली, गाडी गेली. एक्स्प्रेस-वेला लागली की तासा-दोन तासांत माणूस मुंबईच्या गर्दीत. नंबर कोण बघतो?

शाळा समितीचे चौघे जमले होते. एक म्हणाले, दाखला हातात द्या, बाकीची पोरं बिघडायला नकोत. दुसरे म्हणाले, पोलिसांत द्या, म्हणजे जरब बसेल. तिसऱ्यांचं म्हणणं साधं होतं, दोन थोबाडीत ठेवून द्या आणि विषय संपवा. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघून विचारलं, "साहेब, याला कलम कोणतं लागतं?"

मी मुदत मागितली. वकिलाची सवय, दुसरं काय! घरी आलो आणि जुनी पुस्तकं काढून बसलो. आज तुम्हाला जे सांगणार आहे, ते त्या दोन दिवसांत डोक्यात फिरलेलं आहे.

लहान मुलाच्या हातात नको ती वस्तू सापडली, तर कायद्यानं कुणाचा हात धरायचा, मुलाचा की देणाऱ्याचा? प्रश्न आजचा वाटतो, पण सव्वाशे वर्षं तरी जुना आहे.

आमचे आजोबा रेल्वेत गँगमन होते. बोरघाटातून १८६३ साली रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून आमच्या भागातल्या कितीतरी घरांची चूल रेल्वेवर पेटली. आजोबा आम्हा पोरांना एकच धाक घालत. "गाडीला दगड मारलास तर सरकार फटके देतं." मला ते भीती घालण्यापुरतं वाटे. पुढे वकिली सुरू केली आणि १८९० चा रेल्वे कायदा उघडला, तर कलम १३० मध्ये ते खरोखरच लिहिलेलं! दंडसंहितेप्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंच कृत्य गुन्हा ठरत नाही, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाची समज पाहून ठरवायचं असतं. रेल्वेनं ही दोन्ही कवाडं बंद केली होती. गाडीला धोका पोचवणारं पोर बारा वर्षांखालचं असलं तरी गुन्हेगार. मुलगा असेल तर न्यायाधीशानं हवं तर फटक्यांची शिक्षा द्यावी, नाहीतर बापाकडून किंवा पालकाकडून जामीनकतबा लिहून घ्यावा. फटक्यांची शिक्षा आपल्याकडे १९५५ मध्ये रद्द झाली. आजोबांना ती बातमी कुणी दिली नसावी.

हा झाला एक विचार : पोरानं केलं ना, मग पोरालाच धरा.

दुसरा विचार आला तो इंग्लंडातून, तंबाखूच्याच निमित्तानं. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यात भरती व्हायला आलेले कितीतरी तरुण शरीरानं खुरटलेले निघाले. राज्यकर्ते हादरले. समिती बसली आणि १९०४ मध्ये तिचा अहवाल आला. मुलांचं सिगारेट ओढणं हा त्यातला एक मुद्दा. मग १९०८ मध्ये मुलांसाठीचा मोठा कायदा झाला. सोळा वर्षांखालच्या मुलाला सिगारेट विकली तर विकणाऱ्याला दंड. आणि रस्त्यात पोर सिगारेट ओढताना दिसलं तर? गणवेशातल्या पोलिसानं किंवा बागेच्या रखवालदारानं त्याच्याकडची सिगारेट काढून घ्यायची. बस, एवढंच. पोराला कोर्टात उभं करायचं नाही. मुलाचे खिसे तपासायची मुभा होती, मुलीचे नाही. इंग्रजी सभ्यता म्हणतात ती ही.

त्या कायद्यात एक पळवाटही ठेवली होती आणि ती मला फार बोलकी वाटते. निरोप्या कंपनीचा पोरगा गणवेशात कामावर असेल, तर त्याला सिगारेट विकायला हरकत नाही. कारण तो दुसऱ्यासाठी न्यायला आलेला असतो! म्हणजे साहेबाच्या सिगारेटी आणायला पोरगं चालतं, फक्त त्यानं स्वतः ओढायची नाही.

हा नमुना लवकरच इकडे आला. पंजाबात १९१८ मध्ये, बंगालमध्ये १९१९ मध्ये आणि मध्य प्रांतात, म्हणजे आपला नागपूरचा भाग त्यात आला, १९२९ मध्ये बालधूम्रपानाचे कायदे झाले. घडण साधारण तीच. विकणाऱ्याला दंड, मुलाच्या हातातली वस्तू जप्त. मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये मुलांचा कायदा आला आणि मुलांना मोठ्यांच्या कोर्टात उभं करू नये, हा विचार आपल्याकडे कायद्यात उतरला.

कायद्याच्या पुस्तकात हे सगळं होतं. पण आमच्या नाणे मावळात त्याची कुणाला खबर होती? मी सहा-सात वर्षांचा असेन. आजोबा ओट्यावरून हाक मारत, "बाळ्या, बंडल आण रे, आन् काडेपेटी." मी मुठीत पैसे घट्ट धरून वाण्याकडे धावत जायचो. बिडीचं बंडल, काडेपेटी, आणि उरलं तर माझी लिमलेटची गोळी. वाण्यानं कधी वय विचारलं नाही. विचारलं असतं तर आजोबांनीच त्याला फैलावर घेतलं असतं. तो १९०८ च्या कायद्यातला निरोप्या पोरगा, तो मीच की! गणवेश तेवढा नव्हता. परत येताना बंडलाचा वास घ्यायची सवय लागली. सातवीत असताना पहिली बिडी ओढली ती त्याच बंडलातली. आजोबांना कळलं आणि त्यांनी मला घराबाहेर उभं केलं. त्यांच्या हातात तेव्हा पेटलेली बिडी होती.

आजीची तऱ्हा वेगळी. ती तव्यावर तंबाखू काळीभोर भाजायची, कुटायची आणि डबीत भरून ठेवायची. मिसरी. सकाळी उंबऱ्याशी बसून दात घासायचे ते तिनंच. माझी दाढ दुखली की बोटाला मिसरी लावून तीच माझ्या हिरडीवर चोळायची. डोकं गरगरायचं, दुखणं थांबायचं. प्रेमानंच करायची बिचारी. महाराष्ट्रात आजही ओढण्यापेक्षा खाण्याचा आणि लावण्याचा तंबाखू कितीतरी पट जास्त चालतो, आणि त्याची सुरुवात अशीच घरातून होते.

आता कायदा बघा. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला तंबाखूचा कोणताही पदार्थ विकायला बंदी केली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तर कुणालाच विकायचा नाही. मोडला तर दंड दोनशे रुपयांपर्यंत, आणि तो विकणाऱ्याला. आमच्या वाण्याची नवी पिढी त्याच जागी बसते. डोक्यावर बंदीची पाटी आणि पाटीखाली पुड्यांच्या माळा, हे दृश्य बरीच वर्षं होतं. शिवाय महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तिच्याबद्दल मी काही बोलत नाही. रस्त्याच्या कडेला पडलेल्या रिकाम्या पुड्या बोलतात.

मग २०१५ चा बाल न्याय कायदा आला. २००० च्या कायद्यात मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देण्याबद्दल शिक्षा होती, तंबाखू नव्हता. नव्या कायद्याच्या कलम ७७ मध्ये तो आला. डॉक्टरच्या सांगण्याखेरीज मुलाला तंबाखूचा पदार्थ दिला किंवा द्यायला लावला, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. वाचताना मला आजीची डबी आठवली. आज असती तर माझ्या दाढेपायी सात वर्षं! हसू आलं, पण फार वेळ नाही. इतका कडक शब्द कायद्यात लिहावा लागला, याचा अर्थ देणारे हात किती असतील?

आणि शेवटी ई-सिगारेट. हे यंत्र चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधशास्त्रज्ञानं २००३ च्या सुमारास आजच्या रूपात आणलं. सिगारेट सोडायला मदत व्हावी, ही त्यामागची कल्पना. आत बॅटरी, एक तापणारी तार आणि बहुधा निकोटिन घातलेलं सुगंधी द्रव. धूर नाही, राख नाही, बोटांना वास नाही, त्यामुळे आईला कळत नाही. पाचेक हजार शब्दांची जाहिरात करूनही कंपन्यांना साधलं नसतं ते आंबा, पुदिना आणि स्ट्रॉबेरीच्या वासानं साधलं. अमेरिकेत २०१९ च्या पाहणीत माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतली साडेसत्तावीस टक्के मुलं ती ओढत असल्याचं आढळलं. त्याच वर्षी तिथे फुप्फुसाच्या आजाराची साथ आली. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. त्यातल्या बहुतेकांचं कारण गांजाच्या अर्कात मिसळलेलं एक तेलकट द्रव्य होतं, साधं निकोटिनचं द्रव नव्हे. हे सांगायला हवं, नाहीतर पोरांना आपण खोटं घाबरवतो आणि मग ती आपलं खरंही ऐकत नाहीत. निकोटिनची सवय लागते, आणि कोवळ्या वयात लवकर लागते, एवढं खरं पुरेसं आहे.

भारतानं सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये कायदा केला. ई-सिगारेट बनवणं, आणणं, नेणं, विकणं, वाटणं, जाहिरात करणं, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अठरा वर्षांच्या वरचा-खालचा असा भेद यात नाही, कारण बंदी सगळ्यांनाच.

गंमत अशी की 'ओढणं' हा शब्द त्या कायद्याच्या शिक्षेच्या कलमांत नाही. 'स्वतःपुरतं जवळ बाळगणं' असंही नाही. मग दप्तरातला एक नग हा साठा होतो का? वकील मंडळी यावर दोन्ही बाजूंनी बोलू शकतील. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०२३ मध्ये भूमिका घेतली, की कोणत्याही रूपात, कितीही प्रमाणात जवळ बाळगणं हे कायद्याच्या विरुद्धच आहे. म्हणजे शंभर वर्षं देणाऱ्याकडे बघत आलेला कायदा इथे, कदाचित मनात नसताना, घेणाऱ्याकडे वळला. आणि घेणारा जर नववीतला असेल तर?

अमेरिकेनं ही वाट आधी चालून बघितली आहे. १९९० नंतर तिथल्या पुष्कळ राज्यांनी मुलांकडे सिगारेट सापडली तर मुलांनाच दंड करायचे कायदे केले. कुठे समाजसेवेची सक्ती, कुठे गाडी चालवण्याचा परवाना निलंबित. तंबाखू कंपन्यांचा याला विरोध नव्हता. संशोधकांनी दाखवलं की त्यांचा पाठिंबाच होता, कारण दोष दुकानाकडून आणि कंपनीकडून सरकून पोराच्या माथी जात होता. पुढे ई-सिगारेट आली आणि कित्येक ठिकाणी तेच कायदे तिलाही लावले. डिसेंबर २०१९ मध्ये मात्र तिथल्या केंद्र सरकारनं विक्रीचं वय एकवीस केलं, तेव्हा शिक्षा विकणाऱ्यालाच ठेवली, घेणाऱ्या तरुणाला नाही.

मंगळवारी पुन्हा शाळेत गेलो. समितीला सांगितलं, की हा गुन्हा आहे असं धरून चाललो तरी तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा मुलाच्या बाबतीत किरकोळ धरतात. मोठं माणूस त्यात सामील नसेल तर त्यासाठी मुलावर एफआयआर नोंदवत नाहीत, ठाण्याच्या दैनंदिनीत टिपण होतं. बालकाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याची ओळख छापता येत नाही. आणि दाखल्याचं म्हणाल, तर शिक्षण हक्काच्या कायद्यानं आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. हा नववीत आहे. तिथे तो कायदा संपतो. तुम्हाला त्याला काढता येईल. काढलात तर तो सोमवार ते शुक्रवारसुद्धा टायगर पॉइंटला असेल, त्याच मोटारींच्या काचेपाशी.

समितीतले एक सदस्य दुकानदार आहेत. सज्जन माणूस. ते म्हणाले, "वकीलसाहेब, देणारा घाट उतरून गेला, तो सापडणार नाही. घेणाऱ्याला हात लावायचा नाही. मग कायदा केला कुणासाठी?"

मला त्यावर उत्तर देता आलं नाही. अजूनही पुरतं देता येत नाही. मनात आलं ते एवढंच, की हाताशी सापडला म्हणून कुणी जास्त दोषी ठरत नाही. पण ते त्यांना पटलं असतं असं मला वाटत नाही, आणि मी बोललोही नाही.

मुलाच्या बापाला बोलावलं होतं. टेम्पो चालवतो. आला तो गाल फुगवून. बोलता येईना म्हणून बाहेर जाऊन पिंक टाकून आला. खोलीत एकदम शांतता पसरली. मुलगा खाली बघत होता. बापालाही ते जाणवलं असावं, कारण त्यानं पोराला एकही शब्द सुनावला नाही. मुख्याध्यापक मोठ्या मनाचे. त्यांनी दाखल्याचा विषय बाजूला ठेवला आणि तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, तिचा नंबर, १८००-११-२३५६, दोन चिठ्ठ्यांवर लिहिला. एक मुलाला दिली, एक बापाला. बापानं ती खिशात ठेवली. फोन केला की नाही ते मी विचारलं नाही.

मग प्रश्न उरला त्या निळ्या वस्तूचा. मुख्याध्यापक तिला कपाटात कुलूपबंद करायला निघाले. मी म्हटलं, "सर, थांबा. जागेच्या ताबेदारानं आपल्या जागेत ई-सिगारेटचा साठा माहीत असून ठेवू देणं, यालाही त्या कायद्यात मनाई आहे." त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सहा महिन्यांचा हिशेब त्यांनी मनात केला असावा. फेकून द्यावी तर बॅटरी, कचऱ्यात पेट घ्यायची. शेवटी वस्तू पाकिटात घातली, वर लाख लावली आणि शाळेच्या लेटरहेडवर पत्र लिहिलं. उपनिरीक्षक किंवा त्यावरचा पोलीस अधिकारी हा त्या कायद्यात अधिकृत अधिकारी असतो, त्याच्या नावे. मजकूर मी सांगितला : "अज्ञात प्रौढ पर्यटकाने एका अल्पवयीन विद्यार्थ्यास दिलेली वस्तू." मुलाचं नाव पत्रात नाही. कर्ता तो पर्यटक.

ठाण्यातल्या अधिकाऱ्यांनी पत्र दोनदा वाचलं. "गाडीचा नंबर?" "नाही." "रंग?" "मुलगा म्हणतो पांढरा." ते हसले. रविवारी टायगर पॉइंटला पांढऱ्या गाड्या मोजायच्या म्हणजे पावसाचे थेंब मोजण्यापैकी. पण त्यांनी पाकीट घेतलं आणि पोच दिली.

परवा सहज वर गेलो होतो. धुकं होतं, गाड्यांची रांग होती. पोरगा कणसं घेऊन काचेपाशी पळत होता. मावशीनं मला ओळखलं, कणसाला तिखट-मीठ-लिंबू चोळून दिलं. म्हणाली, आता त्याला सांगून ठेवलंय, काचेतून पैसे सोडून दुसरं काही घ्यायचं नाही.